अंगठ्याची साक्ष

खेडेगांवांत माणसाची ओळख पटविण्यास पूर्वीं कागद लागत नसे. मारुतीच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानें डोळे बारीक करून येणाराकडे पाहावें, "तूं कुणाचा रे?" म्हणून विचारावें, आणि बापाचें नांव ऐकतांच त्याच्या आजापणज्यांची हकीकत स्वतःच सांगून टाकावी, हा नित्याचा प्रकार असे. चेहरा, आवाज, चालण्याची ढब आणि घराणें हींच तेथील ओळखपत्रें. परंतु तोच मनुष्य गांवाची शीव ओलांडून शहरांत गेला, किंवा त्याचें नांव सरकारी दप्तरांत चढलें, म्हणजे पाराची साक्ष त्याच्या कामीं येत नाहीं. तेथें "मी तोच" एवढें म्हणून भागत नाहीं. तें सिद्ध करून द्यावें लागतें. आज आपल्या देशांत हें सिद्ध करण्याचें काम बव्हंशीं आपल्या हाताच्या बोटांवर येऊन पडलें आहे. स्वस्त धान्याच्या दुकानांत बोट, बँकेंत बोट, कचेरींत हजेरी लावावयास बोट, आणि पेन्शन चालू ठेवावयासहि बोट! ही बोटाची साक्ष कोठून आली, ती कितपत विश्वसनीय आहे, आणि ती ऐन वेळीं फिरली तर मनुष्यानें काय करावें, या प्रश्नांचा थोडा ऊहापोह वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या शास्त्रकारांनीं 'प्रत्यभिज्ञा' नांवाची एक संज्ञा योजिली आहे. पूर्वीं पाहिलेली वस्तु पुन्हा दृष्टीस पडली असतां "तीच ही" असें जें ज्ञान होतें, तें प्रत्यभिज्ञा. याचें ठराविक उदाहरण 'तो हा देवदत्त' असें देण्यांत येतें. यांतील 'तो' म्हणजे स्मृति, आणि 'हा' म्हणजे डोळ्यांसमोर उभा असलेला मनुष्य. या दोहोंची सांगड पडली म्हणजे ओळख पटली. आजच्या यंत्रांतहि याहून निराळें कांहीं घडत नाहीं. दप्तरांत पूर्वीं सांठवून ठेविलेला ठसा हा 'तो', आणि या क्षणीं कांचेवर टेकविलेलें बोट हा 'हा'. दोहोंची तुलना करून यंत्र होय किंवा नाहीं म्हणतें. मनुष्याची स्मृति यंत्राकडे गेली, एवढाच काय तो फरक. पण त्याचे परिणाम मात्र दूरवर पोंचले आहेत.

यंत्राची गरज कां भासली, हें समजण्यास आम्हां हिंगोलीकरांना फार दूर जावयास नको. इंग्रजी अंमलदारांच्या हाताखालील निजामाच्या फौजेची एक छावणी हिंगोलीस होती. त्या काळीं ठगांचा सुळसुळाट होता. निजामाच्या नोकरींत असलेल्या मेडोज टेलर या अधिकाऱ्यानें 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' हें आपलें पुस्तक १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच्या प्रस्तावनेंत हिंगोलीच्या हरिसिंगाची हकीकत आहे. हा हरिसिंग छावणींतील एक प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरसाहेब व इतर अधिकारी त्याच्याशीं व्यवहार करीत असत. प्रत्यक्षांत तो ठगांच्या टोळीचा नायक होता. एकदां जवळच्याच एका गांवचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे, अशी त्याला बातमी लागली. तेव्हां मुंबईहून कापड आणावयाचें आहे, असें सांगून त्यानें अंमलदाराकडून रीतसर परवाना मिळविला. वाटेंत त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस व गाडीवानांस ठार केलें. आणि तोच माल त्या परवान्याच्या आधारें हिंगोलीस आणून भर छावणींत उघड उघड विकला. पुढें पकडला गेल्यावर त्यानें स्वतःच हें सांगितलें नसतें, तर कोणास पत्ताहि लागला नसता.

या हकीकतींतील मर्म वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. परवाना खरा होता, शिक्का खरा होता, सही खरी होती. खोटा होता तो मनुष्य. कागद काय लिहिलें आहे तें सांगतो. तो कोणाच्या हातीं आहे व त्या हाताचें इमान कसें आहे, हें त्यास सांगतां येत नाहीं.

बरें, कागद बाजूस ठेवून माणसांच्या डोळ्यांवर भिस्त ठेवावी, तर तेथेंहि खात्री नाहीं. पानिपतच्या रणांत १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांचें शव निश्चितपणें ओळखलें गेलें कीं नाहीं, याविषयीं लोकांच्या मनांत संशय राहिला. या संशयाच्या फटींतून भाऊंचा तोतया निर्माण झाला, आणि १७७६ सालीं तर त्यानें कोंकणांत किल्ले घेऊन पेशवाईस घोर लाविला. त्याला भाऊ मानणारे सगळेच मूर्ख होते असें नव्हे. भाऊ परत यावेत अशी कित्येकांची मनापासून इच्छा होती, आणि तसें मानण्यांत कित्येकांचा स्वार्थ होता. मनुष्य जें पाहूं इच्छितो तेंच पुष्कळदां पाहतो. म्हणून कागदासारखा दुसऱ्याच्या हातीं न जाणारा, आणि साक्षीदारासारखा लोभास वा मोहास बळी न पडणारा असा कांहीं पुरावा असावा, ही इच्छा फार जुनी आहे.

असा पुरावा मनुष्याच्या बोटांच्या अग्रांवरच आहे, ही गोष्ट व्यवहारांत प्रथम आणली गेली ती आपल्याच देशांत. १८५८ सालीं बंगाल्यांतील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाचा तरुण अधिकारी होता. रस्त्यासाठीं खडी पुरविण्याचा करार त्यानें राज्यधर कोनाई या मक्तेदाराशीं केला, आणि पुढें यानें 'ही सही माझी नव्हे' म्हणूं नये, यासाठीं त्याच्या उजव्या पंजास शाई लावून कागदाच्या पाठीवर ठसा घेतला. प्रथम हा केवळ धाक घालण्याचा प्रकार होता. परंतु हर्शेल यास त्याचा छंद लागला. त्यानें स्वतःचे व इतरांचे ठसे वर्षानुवर्षें घेऊन ताडून पाहिले, तों रेषांत फरक पडत नाहीं असें त्यास आढळलें. १८७७ सालीं हुगळीस असतांना त्यानें ही पद्धति कोणासाठीं सुरू केली, तर दस्तऐवज नोंदविणारांसाठीं, तुरुंगांतील कैद्यांसाठीं आणि पेन्शनरांसाठीं! पेन्शनर मेल्यावरहि त्याच्या नांवानें दुसराच कोणी रक्कम उचलीत राहूं नये, हा हेतु. आज नोव्हेंबर महिन्यांत हयातीचा दाखला देण्यासाठीं रांगेंत उभ्या राहणाऱ्या आमच्या पेन्शनरबंधूंना आपल्या या रांगेची वंशावळ हुगळीपर्यंत जाते, हें वाचून गंमत वाटेल.

पुढें फ्रान्सिस गाल्टन यानें १८९२ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यानें हर्शेलनें पुरविलेल्या जुन्या व नव्या ठशांची तुलना करून रेषांचें कायमपण सिद्ध केलें. पण लाखों ठसे जमले तर त्यांतून हवा तो कसा काढावयाचा? ही अडचण कलकत्त्यास दूर झाली. पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री याच्या हाताखालील अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी कामगारांनीं दहा बोटांच्या आकृतींवरून १०२४ वर्ग पाडण्याची पद्धत बसविली. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी सुरू झाली, आणि चार वर्षांनीं, म्हणजे १९०१ सालीं, लंडनच्या पोलिसांनीं तीच पद्धत उचलली. नांव मात्र हेन्रीचें राहिलें.

या रेषांविषयीं आपल्या घरांतहि थोडें ज्ञान पूर्वापार आहेच. आजीबाई नातवंडांचीं बोटें हातीं घेऊन किती चक्रें व किती शंख तें मोजीत असत. त्या त्यावरून भविष्य सांगत. शास्त्रज्ञ त्यावरून ओळख सांगतात. मूल आईच्या पोटीं असतांनाच, जन्मापूर्वीं कित्येक महिने, या रेषा बनतात. जुळ्या भावांचे चेहरे आईलाहि चकवितील, पण त्यांच्या बोटांच्या रेषा भिन्न असतात. यंत्र चक्र किंवा शंख एवढेंच पाहून थांबत नाहीं. एखादी रेषा कोठें संपते, कोठें तिला फांटा फुटतो, अशा बारीक खुणा हेरून त्यांच्या परस्पर अंतरांचा व दिशांचा तें एक आंकड्यांचा नकाशा बनवितें, आणि नकाशा नकाशाशीं ताडून पाहतें. डोळ्यांतील बाहुलीभोंवतींच्या रंगीत कड्यावरील वीणहि अशीच प्रत्येकाची निराळी. इतकी कीं, एकाच मनुष्याचा डावा व उजवा डोळाहि त्या बाबतींत सारखे नसतात.

या ज्ञानाचा जगांतील सर्वांत मोठा प्रयोग आपल्या देशानें केला, आणि त्याचा श्रीगणेशा महाराष्ट्रांत झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या लहानशा आदिवासी गांवीं तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितींत पहिले 'आधार' क्रमांक देण्यांत आले. दहा बोटें, दोन डोळे व चेहरा यांची नोंद घ्यावयाची आणि त्या व्यक्तीस बारा अंकी क्रमांक द्यावयाचा, अशी ही योजना. शंभर कोटींहून अधिक लोकांना असे क्रमांक मिळाले आहेत. नोंदणीच्या वेळीं नव्या मनुष्याचे ठसे आधींच्या सर्वांशीं ताडले जातात, म्हणजे एकास दोन क्रमांक मिळूं नयेत. दुकानांत वा बँकेंत मात्र एवढेंच पाहिलें जातें कीं, सांगितलेल्या क्रमांकापुढें नोंदलेला ठसा या बोटाशीं जुळतो कीं नाहीं. पहिला प्रश्न 'हा कोण?' असा आहे. दुसरा 'हा तोच ना?' असा आहे.

या योजनेचा फायदा नाकारण्यांत अर्थ नाहीं. ज्या मजुरापाशीं जन्माचा दाखला नाहीं, शाळेचा दाखला नाहीं, घराचा उतारा नाहीं, त्यालाहि 'मी अमुक आहें' असें कोठेंहि सांगण्याचें साधन मिळालें. मेलेल्यांच्या नांवानें धान्य उचलणें, एकाच मनुष्यानें दोन नांवांनीं लाभ घेणें, हे प्रकार कठीण झाले. आमच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं बाहेर जाणाऱ्या कुटुंबांना जेथें असतील तेथील दुकानांतून आपल्या वांट्याचें धान्य उचलतां येतें, तेंहि याच ओळखीच्या बळावर. हिंगोलीच्या हरिसिंगास आज असा परवाना मिळविणें बरेंच जड गेलें असतें.

परंतु येथपर्यंत आम्हीं नाण्याची एकच बाजू दाखविली. बोटाचे दोन ठसे तंतोतंत एकसारखे कधींच उमटत नाहींत. दाब कमीअधिक होतो, कातडी कोरडी वा ओली असते, बोट थोडें तिरपें पडतें. म्हणून यंत्र साम्यास गुण देतें, आणि ठराविक मर्यादेवर गुण मिळाले तर 'जुळलें' म्हणतें. आम्हां शिक्षकांस हें चटकन् कळावें. उत्तीर्ण होण्यास पस्तीस गुणांची मर्यादा ठेविली तर कांहीं अपात्र पोरें पार होतात. साठांची ठेविली तर कांहीं पात्र पोरें मागें राहतात. यंत्राचीहि हीच गत आहे. मर्यादा सैल केली तर चोर आंत शिरेल. आंवळली तर साव बाहेर राहील. दोन्ही चुका एकाच वेळीं शून्यावर आणणारी मर्यादा कोणासहि सांपडलेली नाहीं. आतां विचार असा करावयाचा कीं, या दोन चुकांचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो? पहिल्या चुकीनें सरकारी तिजोरीचें कांहीं नुकसान होतें. दुसऱ्या चुकीनें एका घरची चूल पेटत नाहीं. तिजोरीचें नुकसान हिशेबांत दिसतें. चुलीचें दिसत नाहीं.

आणि ही दुसरी चूक कोणाच्या वांट्यास येते? ज्याचीं बोटें झिजलेलीं असतात त्याच्या. आमचा जिल्हा हळदीचा. हिंगोली व वसमत येथील हळदीचे बाजार सर्वश्रुत आहेत, आणि वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. हळकुंड आपल्या घरीं येतें तें पिवळें धमक व गुळगुळीत. पण त्यापूर्वीं कंद जमिनींतून काढावे लागतात, हातानें मोडावे लागतात, उकडावे लागतात, उन्हांत पसरून वाळवावे लागतात. हीं कामें करणाऱ्या बायांच्या बोटांकडे कोणी निरखून पाहिलें आहे काय? माती, ऊन व खरबरीत कंद यांनीं त्यांच्या रेषा इतक्या पुसट झालेल्या असतात कीं, कांचेवर नुसता डाग उमटतो. त्यांत वार्धक्याची भर पडली, म्हणजे कातडी सुरकुतते व कोरडी होते. घासून गेलेल्या रेषा कातडीच्या आंतील थरांतून पुन्हा उगवतात हें खरें. पण त्यासाठीं हातांना विसावा लागतो, आणि तोच या बायांना मिळत नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत एका गांवीं आम्ही धान्याच्या दुकानापाशीं उभे होतों. एक सत्तरीची म्हातारी यंत्रावर अंगठा टेकवी, आणि यंत्र नकार देई. तीन वेळां असें झाल्यावर दुकानदार म्हणाला, "आजी, तुमचा अंगठा येईना गेलाय. उद्या या." त्यावर ती म्हणाली, "आरं लेकरा, ह्योच अंगठा हाय. उद्या दुसरा कुठून आनू?" भोंवतालचे लोक हंसले. दुकानदारहि तिला चांगला ओळखत होता. तिच्या लेकाच्या लग्नांत तो जेवला होता. तरी तो यंत्राकडे बोट दाखवी. अखेर आम्हीं तिला हात धुऊन कोरडे करावयास सांगितले आणि दुसऱ्या हाताचीं बोटें लावून पाहण्यास सुचविलें. डाव्या हाताचें मधलें बोट लागलें, आणि धान्य मिळालें. नोंदणी दहाहि बोटांची झालेली असते, अंगठ्याचाच आग्रह धरण्याचें कारण नाहीं, ही साधी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

या प्रसंगीं आम्हांस कालिदासाच्या नाटकाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण. तिच्यावरूनच नाटकास नांव पडलें. शकुंतला खरी होती, तिचें वचन खरें होतें, तिच्या पोटचें मूल खरें होतें. पण खुणेची अंगठी पाण्यांत पडली होती, आणि एवढ्यावरून भर दरबारांत तिला परतविण्यांत आलें. पुढें माशाच्या पोटांतून ती अंगठी एका कोळ्याच्या हातीं आली, तर शिपायांनीं त्यालाच चोर म्हणून बांधून आणलें! खूण हरवली म्हणून खरी बायको खोटी ठरली, आणि खूण सांपडली म्हणून निर्दोष कोळी गुन्हेगार ठरूं लागला. खुणेस ओळखीच्या आसनावर बसविलें म्हणजे असा अनर्थ होतो.

यंत्राच्या 'नाहीं' या उत्तराचा अर्थ काय घ्यावयाचा, याचा निवाडा आमच्या मीमांसकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं करून ठेविला आहे. एखादी वस्तु दिसत नाहीं, यावरून ती नाहीं असें ठरवितां येईल काय? ते म्हणतात, येईल, पण एका अटीवर: ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिति पाहिजे. दिवसाढवळ्या रिकाम्या जमिनीवर घडा दिसला नाहीं, तर घडा नाहीं असें खुशाल म्हणावें. अंधाऱ्या खोलींत घडा दिसला नाहीं, तर तेवढ्यावरून तो नाहीं असें म्हणतां येत नाहीं. आधीं दिवा आणावा लागतो. झिजलेलें बोट ही अंधारी खोली आहे. तेथें यंत्रास खुणा दिसल्या नाहींत, तर 'मला दिसलें नाहीं' एवढेंच तें सांगतें. 'ही बाई ती नव्हे' हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आपला असतो, आणि तो तर्कदुष्ट आहे. अशा वेळीं दिवा आणणें हें दुकानदाराचें व अधिकाऱ्याचें कर्तव्य होय.

हा दिवा कायद्यानेंहि आणून ठेविला आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांपुढील खटल्याचा निकाल लागला. चौघांनीं आधारचा कायदा बहुतांशीं कायम ठेविला. न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं विरुद्ध मत नोंदविलें. परंतु कायदा कायम ठेवणाऱ्या निकालांतहि हें स्पष्ट आहे कीं, ठसा जुळला नाहीं एवढ्याच कारणानें पात्र मनुष्यास लाभ नाकारतां कामा नये. त्याची ओळख अन्य मार्गानें पटवून घ्यावी. डोळा आहे, चेहरा आहे, मोबाईलवर येणारा संकेतांक आहे, आणि हें कांहींच न जमलें तर रेशनकार्ड व माणसांची साक्ष आहे. 'यंत्र नाहीं म्हणतें' हें उत्तर म्हणून पुरेसें नाहीं. तें ऐकून मुकाट्यानें घरीं परतणें हा आमच्या गरीब लोकांचा स्वभाव आहे. त्यांना हक्काची जाणीव करून देणें हें शिकलेल्यांचें काम आहे.

आतां चोरांकडे वळूं. चोरहि शास्त्राबरोबर चालतात. किल्ली हरवली तर कुलूप बदलतां येतें, परवलीचा शब्द फुटला तर नवा ठरवितां येतो. पण बोटाचा ठसा चोरीस गेला तर नवें बोट कोठून आणावयाचें? जमिनीच्या खरेदीखतांवर आपण अंगठे उठवितों. तेलंगणांत २०१८ सालीं अशा नोंदणीच्या कागदांवरील ठशांवरून रबरी प्रतिकृति बनवून फसवणूक केल्याचा प्रकार उघडकीस आला. बँकेंत न जातां गांवोगांवीं बोटावर पैसे काढून देण्याची जी सोय झाली आहे, तिचाहि कित्येक ठिकाणीं असाच गैरवापर झाला. म्हणून यंत्रास नुसत्या रेषा पाहून भागत नाहीं. समोरचें बोट जिवंत आहे कीं नाहीं हेंहि पाहावें लागतें. चेहरा ओळखणारें यंत्र त्यासाठीं डोळे मिचकावयास सांगतें. पेन्शनरांसाठीं २०१४ सालीं 'जीवन प्रमाण' ही व्यवस्था निघाली, आणि २०२१ पासून घरबसल्या मोबाईलपुढें चेहरा धरून हयातीचा दाखला देतां येऊं लागला. तेव्हां डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचें सिद्ध करतांना आम्हांस दमयंती आठवते. स्वयंवरांत पांच नल एकसारखे दिसूं लागले असतां, ज्यांच्या पापण्या लवत नाहींत ते देव, आणि ज्याची लवते तो मर्त्य नल, हें तिनें ओळखलें. आजचें यंत्र दमयंतीचीच परीक्षा घेत आहे!

या संबंधांत प्रत्येक कुटुंबानें कांहीं गोष्टी पाळाव्या, असें आम्ही सुचवितों. पहिली, वापर नसेल तेव्हां आपल्या ठशांना कुलूप घालण्याची सोय आधार प्राधिकरणानें ठेविली आहे. तिचा उपयोग करावा, आणि काम पडेल तेव्हां कुलूप काढावें. दुसरी, पैसे काढतांना यंत्रावर आंकडा किती आहे तो वाचल्याशिवाय बोट टेकवूं नये, आणि "पहिल्यांदा लागलें नाहीं, पुन्हा लावा" असें कोणी म्हटलें तर पावती मागावी. तिसरी, आधारची प्रत जेथें तेथें वांटूं नये. पहिले आठ अंक झांकलेली प्रत मिळते, ती बहुतेक कामीं पुरते. चौथी, मुलांचे ठसे पांचव्या वर्षीं व पुन्हा पंधराव्या वर्षीं नोंदवावे लागतात, तें विसरूं नये. नाहीं तर ऐन परीक्षेच्या वा शिष्यवृत्तीच्या वेळीं धांवपळ होते. पांचवी, घरांतील वृद्धांचीं कोणतीं बोटें चांगलीं लागतात हें एकदां पाहून ठेवावें.

एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे. ओळख पटविणें आणि पाळत ठेवणें यांमधील भिंत पातळ आहे. कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा जुना कायदा जाऊन २०२२ सालीं नवा आला. त्यानें ठशांबरोबर डोळ्यांची व इतर मापांचीहि नोंद घेण्याची मुभा दिली असून त्या नोंदी ७५ वर्षें ठेवितां येतात. चोर सांपडावा हें सर्वांसच हवें आहे. पण सरकारनें सर्वांचीच पावलें मोजीत बसावें, हें कोणास हवें आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला आहे. ज्या कामासाठीं ठसा दिला त्याच कामासाठीं तो वापरला जावा, हें पाहण्याचा अधिकार ठसा देणाराचा आहे.

यंत्रास साक्षीदार करावें. तें उत्तम साक्षीदार आहे, लांच खात नाहीं व थकत नाहीं. पण साक्षीदारास न्यायासनावर बसवूं नये. त्यानें 'होय' म्हटलें तर काम झपाट्यानें व्हावें. त्यानें 'नाहीं' म्हटलें तर तेथून मनुष्याच्या चौकशीस आरंभ व्हावा, शेवट होऊं नये. आमच्या वाचकांच्या घरीं भांडीं घासावयास येणारी, शेतावर राबणारी, शेजारीं एकटी राहणारी अशी एखादी म्हातारी असेलच. पुढील महिन्यांत धान्य घेण्यास जातांना तिच्याबरोबर घरांतील एखाद्या शिकल्या मुलास पाठवावें. त्यानें फार कांहीं करावयाचें नाहीं. यंत्रानें नकार दिला तर दहाहि बोटें लावून पाहावयाचीं, तेवढ्यानें न भागलें तर दुसऱ्या मार्गानें ओळख पटवून घेण्याची मागणी करावयाची, आणि धान्य पिशवींत पडेपर्यंत तेथून हलावयाचें नाहीं.